गोष्ट कोण सांगतो?

कथा वाचावयास घेतली की आपल्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो 'पुढे काय झाले?' हा. तो स्वाभाविक आहे आणि त्यावाचून कोणीही कथा वाचून पुरी करणार नाही. परंतु या इयत्तेत आल्यावर त्या प्रश्नाच्या जोडीस आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय तुम्ही लावून घ्यावयास हवी. तो प्रश्न असा : 'हे मला सांगत आहे कोण?' घडलेली गोष्ट एकच असली, तरी सांगणारा बदलला की तिच्यातील माणसे निराळी दिसू लागतात. काहींवर उजेड पडतो, काही अंधारात जातात. हे कसे होते ते आधी एका उदाहरणाने पाहू, आणि मग साहित्याच्या अभ्यासात त्यासाठी कोणते शब्द रूढ आहेत त्यांकडे वळू.

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात माळेगाव नावाचे गाव आहे. तेथे मार्गशीर्ष महिन्यात खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, बैल अशा नाना जनावरांचा बाजार त्या यात्रेत भरतो आणि दूरदूरचे व्यापारी तेथे येतात. जनावरांच्या बाजारात सौदा करण्याची एक जुनी रीत आहे. विकणारा आणि घेणारा यांचे हात एका रुमालाखाली किंवा उपरण्याखाली जातात आणि एकमेकांची बोटे धरून, दाबून भाव सांगितला जातो. भोवती शंभर माणसे उभी असली, तरी उपरण्याखाली काय ठरले हे त्या दोन हातांनाच ठाऊक. अशाच बाजारातील एक कल्पित प्रसंग मी तुमच्यासाठी तीन प्रकारांनी लिहून दाखवितो. तिन्ही उतारे सावकाश वाचा.

पहिला उतारा :

"धोंडिबाने उपरण्याखाली हात दिला, तेव्हा त्याची बोटे गार पडली होती. सर्जाला विकावयाचे नाही, असे घरून निघताना त्याने दहा वेळा ठरविले होते. पण दोन वर्षे पाऊस दडी मारून बसला होता, कडबा संपला होता आणि सावकाराचा निरोप आला होता. समोरचा व्यापारी निराळ्याच विवंचनेत होता. सकाळपासून त्याला एकही मनाजोगा बैल मिळाला नव्हता. धोंडिबाने आणखी थोडा दम धरला असता, तर त्याने भाव वाढवून दिला असता. पण धोंडिबाला ते ठाऊक नव्हते. धोंडिबाचा मुलगा शिवा बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा होता आणि वडिलांच्या तोंडाकडे पाहण्याचे टाळीत होता."

दुसरा उतारा :

"बापूंनी उपरण्याखाली हात घातला. मी सर्जाच्या वशिंडावर हात ठेवून उभा होतो. किती मागितले, किती सांगितले, काही कळेना. बापूंचा चेहरा नेहमीसारखाच होता. व्यापारी एकदा हसला, मग त्याने मान हलविली. मला वाटले, मोडला सौदा, बरे झाले. इतक्यात बापूंनी हात बाहेर काढला आणि माझ्या हातातले दावे घेऊन त्या माणसाच्या हाती दिले. ते माझ्याशी काही बोलले नाहीत. परत निघताना त्यांनी मला गोडीशेव घेऊन दिली. ती मी खाल्ली, याचा मला पुढे फार दिवस राग येत राहिला."

तिसरा उतारा :

"म्हातारा पक्का होता. व्यापाऱ्याने तीनदा बोटे दाबली, तरी म्हाताऱ्याच्या हाताची हालचाल नाही. असे विकणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. गप्प राहून भाव चढवितात. बाजूला एक पोरगा बैलाला चिकटून उभा होता. गिऱ्हाइकाला पाझर फुटावा म्हणून उभा केला असेल. व्यापाऱ्याने अखेरची बोटे दाबली आणि हात सोडवून घेण्याचा आव आणला. म्हातारा मुकाट्याने कबूल झाला. इतका वेळ ताणून हा एकदम सैल कसा पडला, याचे व्यापाऱ्याला क्षणभर नवल वाटले; पण दावे हातात आले आणि तो पुढच्या बैलाकडे वळला."

प्रसंग एकच आहे. बैल तोच, उपरणे तेच, माणसे तीच. तरीही पहिला उतारा वाचून आपल्याला दोघांचीही कीव येते. दुसरा वाचून आपण शिवाच्या बाजूस जाऊन उभे राहतो. आणि तिसऱ्यात धोंडिबा हा एक कसलेला, हिशेबी म्हातारा दिसतो. धोंडिबाचे गप्प राहणे हे दुःखाचे होते हे आपण पहिल्या उताऱ्यात वाचलेले असल्यामुळे तिसऱ्यातील व्यापाऱ्याची समजूत चुकीची आहे हे आपल्याला कळते. समजा, तिसरा उतारा एकटाच आपल्या हाती आला असता तर? मग धोंडिबाला लबाड ठरवून आपण पान उलटले असते.

आता शब्द पाहू. कथेतील गोष्ट आपल्याला सांगणारा जो कोणी असतो, त्याला निवेदक म्हणतात आणि त्याच्या सांगण्याला निवेदन. निवेदक ज्या जागी उभा राहून घडामोडींकडे पाहतो, त्या जागेला आणि त्या पाहण्याला मिळून दृष्टिकोन हा शब्द वापरतात. या शब्दाचा नित्याचा अर्थ 'मत' असा होतो. येथे तो अधिक मूळ अर्थाने, म्हणजे दृष्टीचा कोन या अर्थाने, घ्यावयाचा आहे. घराच्या ओसरीवरून अंगण जसे दिसते तसे माळवदावरून दिसत नाही, हे तुम्हांस ठाऊकच आहे.

निवेदनाचे प्रकार व्याकरणातील पुरुषांवरून ओळखले जातात. निवेदक 'मी' म्हणून बोलत असेल, तर ते प्रथमपुरुषी निवेदन. 'तो', 'ती', 'ते' असे म्हणून दुसऱ्यांविषयी सांगत असेल, तर ते तृतीयपुरुषी निवेदन. वरील दुसरा उतारा प्रथमपुरुषी आहे. पहिला आणि तिसरा तृतीयपुरुषी. मात्र पहिल्यात आणि तिसऱ्यात मोठा भेद आहे. पहिल्या उताऱ्यातील निवेदक उपरण्याखाली शिरतो, धोंडिबाच्या मनात जातो, तेथून व्यापाऱ्याच्या मनात जातो आणि कोणालाच न कळलेली गोष्टही, म्हणजे आणखी भाव मिळू शकला असता ही, आपल्याला सांगतो. त्याला सारे काही ठाऊक आहे, म्हणून त्यास सर्वज्ञ निवेदक म्हणतात. तिसऱ्या उताऱ्यात 'मी' नसला तरी आपण सबंध वेळ व्यापाऱ्याच्याच डोळ्यांनी पाहत असतो. धोंडिबाच्या मनात जाण्याची वाट बंद आहे. अशा निवेदनाला मर्यादित तृतीयपुरुषी निवेदन म्हणावे. मुलांना हा प्रकार ओळखणे अवघड जाते, कारण सर्वनामावर विसंबून येथे चालत नाही. मने किती उघडी आहेत आणि किती मिटलेली, हे पाहावे लागते.

तुम्ही बारकाईने वाचले असेल, तर आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानी आली असेल. शिवा सांगतो, 'बापूंचा चेहरा नेहमीसारखाच होता.' पहिल्या उताऱ्यात तर तो वडिलांच्या तोंडाकडे पाहण्याचे टाळीत होता असे म्हटले आहे! मग चेहरा कसा होता हे त्याला कोठून कळले? शिवा खोटारडा आहे असे यावरून ठरत नाही. जे पाहवले नाही ते 'नेहमीसारखेच होते' असे माणूस स्वतःची समजूत घालून पुष्कळदा सांगतो. प्रथमपुरुषी निवेदकाचे प्रत्येक वाक्य खरे धरून चालू नये. तो काय सांगतो याबरोबर काय सांगायचे टाळतो, हेही वाचावे लागते. ज्याच्या सांगण्यावर पुरता भरवसा ठेवता येत नाही अशा निवेदकाला अविश्वसनीय निवेदक असे नाव आहे. हे नाव मला थोडे कठोर वाटते. पण रूढ झाले आहे.

कथेच्या अभ्यासातील इतर काही शब्द तुम्ही मागील इयत्तांत पाहिले आहेत. घटनांची कार्यकारणाने गुंफलेली मालिका ते कथानक. ज्यांच्या वाट्याला त्या घटना येतात ती पात्रे. पात्रांचे परस्परांशी बोलणे तो संवाद, आणि स्वतःशीच बोलणे ते स्वगत. स्थळ, काळ आणि भोवतालची परिस्थिती मिळून वातावरण. यांपैकी प्रत्येक गोष्ट आपल्यापर्यंत निवेदकाच्या हातूनच येत असते, म्हणून निवेदकाचा विचार येथे अधिक विस्ताराने करीत आहोत.

लेखक आणि निवेदक हे एकच असतात काय? विद्यार्थी येथे हमखास घोटाळा करतात. दुसऱ्या उताऱ्यातील 'मी' म्हणजे शिवा आहे. तो उतारा लिहिणारा मी नव्हे. माझ्या हातून कधी बैल विकला गेला नाही. आपल्या मराठी भाषेत तर हा भेद दाखविण्याची एक उत्तम सोय आहे. इतर काही भाषांत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत फरकच करता येत नाही. तेथे बोलणारा पुरुष की स्त्री हे कळावयास पुढची वाक्ये वाचावी लागतात. मराठीत क्रियापदच ते सांगून टाकते. त्यामुळे एखाद्या पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडून कादंबरी सांगावयाचे ठरविले, तर त्याला पानोपानी, वाक्यावाक्यात 'मी आले', 'मी म्हणाले', 'मी रडले' असे लिहीत जावे लागते. त्याला क्षणभरही आपले पुरुषपण क्रियापदात आणता येत नाही.

हरि नारायण आपटे यांनी हेच केले. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे पत्र सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. आपटे तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. कादंबरीची निवेदिका आहे यमू. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरातील ही मुलगी आपले बालपण, विवाह, सासर आणि पुढे आलेले वैधव्य स्वतःच्या तोंडाने सांगते. विधवा झाल्यावर तिच्यावर केशवपनाची सक्ती होते. विधवांच्या दुःखावर मराठीत त्यापूर्वी लिहिलेच गेले नव्हते असे नाही. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ सालीच प्रसिद्ध झाली होती. परंतु तेथे दुःख पाहणारे, ऐकणारे आणि त्यावर चर्चा करणारे पुष्कळ होते. आपट्यांनी चर्चा करणाऱ्यांस बाजूस सारले आणि जिला भोगावे लागले तिलाच बोलते केले. त्या काळी विधवाविवाह व केशवपन यांवर वर्तमानपत्रांतून आणि सभांतून पुरुषांचे वाद चालत असत. त्या गलबल्यात ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्यांचा आवाज कोठेच नव्हता. कादंबरीचे नावच पाहा : तो एक प्रश्न आहे, आणि तो यमूच्या तोंडी शोभतो. निवेदक कोण असावा, ही निवड येथे नुसती लिहिण्याची हातोटी म्हणून झालेली नाही.

अर्थात यमूच्या रूपाने अखेर एक पुरुषच लिहीत होता, ही गोष्टही विसरता येत नाही. स्त्रीने स्वतः लिहिलेले पाहावयाचे असेल तर लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. ती १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. टिळकांच्या बाजूने पाहिले तर ती एका सत्यशोधकाच्या जीवनातील मोठी घटना होय. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले की, घर मोडलेली, लहान मूल पदरी असलेली एक स्त्री दिसते. पुढे लक्ष्मीबाईंनीही तो धर्म स्वीकारला. परंतु म्हणून आधीचे दुःख त्यांनी सौम्य करून सांगितले नाही, आणि विनोदही सोडला नाही. अशा लेखनाला आत्मचरित्र किंवा आत्मकथन म्हणतात. येथे लेखक, निवेदक आणि मुख्य पात्र ही तिन्ही एकच व्यक्ती असते. कादंबरीतील 'मी' आणि आत्मकथनातील 'मी' यांत हा फरक आहे.

एकच व्यक्ती म्हटली, तरी तीतही दोन माणसे असू शकतात. 'श्यामची आई' तुम्ही वाचली असेल. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आश्रमातील मित्रांना श्याम रात्रीच्या वेळी आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी तिची रचना आहे आणि अशा बेचाळीस रात्री तीत आहेत. तेथे सांगणारा श्याम मोठा झालेला आहे. ज्याच्या हातून चुका होतात तो श्याम लहान आहे. लहान श्यामला आईचा राग येतो, आणि तो राग सांगताना मोठ्या श्यामचा कंठ दाटून येतो. एकाच 'मी'मध्ये घटना भोगणारा आणि ती आठवणारा असे दोघे असतात व त्यांच्या वयांत वर्षांचे अंतर असते. गोडीशेवेचे वाक्य पुन्हा वाचा. तेथेही हेच आहे.

काही लेखक एकाच कादंबरीत अनेक निवेदक घेतात. वि. स. खांडेकर यांच्या १९५९ सालच्या 'ययाति' या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने आपली कथा सांगतात. तिघांचे म्हणणे वाचून झाल्यावर न्याय कोणाच्या पदरात टाकावा, हे काम वाचकावर येऊन पडते. या कादंबरीच्या लेखकास १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

सांगणाऱ्याने सोंग घेण्याची रीत आपल्याकडे छापील पुस्तकाच्या पुष्कळ आधीपासून आहे. माहूरची रेणुका ही गोंधळ्यांच्या आराध्य देवतांपैकी एक. गोंधळात मुख्य गोंधळी आख्यान सांगू लागला की, राजा कसा होता, नगरी कशी होती हे तो प्रथम दुरून सांगतो. मग एकाएकी आवाज बदलून तोच राजा होतो, तोच राणी होतो. आणि साथीदार मध्येच खोचक प्रश्न टाकून त्याला पुन्हा जमिनीवर आणतो. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडांतून निरनिराळ्या स्थितींतील व जातींतील माणसांच्या तोंडी 'मी' घातला. तेथे 'मी' म्हणजे एकनाथ नव्हेत, हे निरक्षर श्रोत्यासही कोणी समजावून सांगावे लागले नाही.

सांगणारा तेथे होता काय, हा प्रश्न मराठी गद्याच्या अगदी आरंभीच विचारला गेला आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी स्वामींच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्यातून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. म्हाइंभटांनी या लीळा मनाने रचल्या नाहीत. ज्याच्या समक्ष जे घडले ते त्याच्याकडे जाऊन, विचारून त्यांनी मिळविले. नागदेवाचार्यांसारख्या निकटच्या शिष्याकडून त्यांची शहानिशा करून घेतली. सांगणाऱ्यांच्या आठवणींत भेद असेल तेथे तो भेदही या परंपरेने नोंदवून ठेविला. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे या दक्षतेचे मोल कळते. त्यात निवेदक 'मी' म्हणून पुढे येत नाही, सर्वज्ञही होत नाही. स्वामी काय बोलले, काय केले, भक्त काय म्हणाले, एवढे तो सांगतो. स्वामींच्या मनात काय आले हे साक्षीदाराला दिसलेले नसते, म्हणून निवेदकही तेथे शिरत नाही.

कादंबरीकाराला मात्र तेथे शिरण्याची मोकळीक आहे. रणजित देसाई यांनी 'श्रीमान योगी' लिहिताना ती घेतली. शिवाजी महाराजांच्या मनात एखाद्या रात्री काय आले, हे इतिहासकाराने कागदपत्रांवाचून लिहिले तर त्याला जाब विचारला जाईल. कादंबरीकाराला विचारला जात नाही. या कादंबरीस नांदेडच्या पीपल्स कॉलेजातील प्राध्यापक नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांची पत्ररूपाने लिहिलेली दीर्घ प्रस्तावना आहे. पुढे तुम्ही महाविद्यालयात जाल तेव्हा ती वाचा. मराठी कादंबरीवरील त्यांचे 'धार आणि काठ' हे पुस्तकही वाचा. आज ते तुम्हांस जड जाईल.

आता कथाकादंबऱ्या क्षणभर बाजूस ठेवून आपल्याच मुलखातील एका घटनेकडे पाहू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. दगड आणि माती यांच्या जाड भिंती व वर मातीचे जड माळवद अशी तेथील घरे होती. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. मी आत्ता जे लिहिले ते तृतीयपुरुषी निवेदन आहे, आणि त्यातही एक विशेष प्रकार आहे. यात कोणाच्याच मनात प्रवेश नाही. बाहेरून जे मोजता येते तेवढेच आहे. अहवाल असाच लिहावा लागतो. तो तसा लिहिला नाही, तर मदत कोठे किती पाठवावी आणि पुढे घरे कशी बांधावी हे ठरविता येत नाही.

परंतु '३ वाजून ५६ मिनिटे' ही वेळ कोणाला कळली? ती यंत्राला कळली. माळवदाखाली सापडलेल्या माणसाला घड्याळ दिसले नाही. त्याला अंधार कळला, नाकातोंडात गेलेली माती कळली, शेजारी झोपलेल्या माणसाची हाक येते की नाही हे कळले. त्या रात्रीतून वाचलेला मनुष्य जेव्हा 'मी' म्हणून सांगू लागतो, तेव्हा त्याच्या सांगण्यात आकडे नसतात, असले तर चुकलेले असतात. आणि तरीही अहवालात जे कधीच येणार नाही ते त्यात येते. एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरविण्याचे येथे कारण नाही. दोघे वेगवेगळ्या जागी उभे होते. मात्र कोणी एकाचेच ऐकून 'भूकंप मला समजला' असे म्हणेल, तर त्याचे म्हणणे आपण मानू नये.

कधी कधी तर असे होते की, एखाद्या समाजाविषयी सांगणारे सदैव दुसरेच असतात. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा करून अनेक जमातींना गुन्हेगार जमाती असे ठरविले. अशा जमातीत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरे. लातूरचा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता; तरी ही नजर राज्याच्या सीमेपाशी थांबली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला. पण तोपर्यंत तीन-चार पिढ्या या लोकांची गोष्ट पोलिसांच्या दप्तरात 'तो', 'ते', 'त्यांची टोळी' अशा तृतीयपुरुषातच लिहिली गेली होती. माळेगावच्या त्या व्यापाऱ्याची आठवण करा. बैलाला चिकटून उभ्या असलेल्या पोराला पाहून त्याला जे वाटले, तसेच या दप्तरांत वर्षानुवर्षे लिहिले जात होते. आणि शिवाचा उतारा कोणी लिहिलाच नव्हता.

१९८७ साली तो लिहिला गेला. लातूर जिल्ह्यातील धनेगाव येथे जन्मलेले लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन त्या वर्षी प्रसिद्ध झाले. ज्या जमातीला लोक 'उचल्या' म्हणून हिणवीत, त्या जमातीतील एक मुलगा 'मी' म्हणून बोलू लागला. रात्री घरावर पोलिसांची धाड येते तेव्हा दप्तरात तिची एक ओळ होते. घरात त्या वेळी काय होते, लहान मुलाला ते कोठून आणि कसे दिसते, हे मराठी वाचकाने या पुस्तकात वाचले. गायकवाडांनी आपल्या लोकांचे दोष झाकले नाहीत. चोरीही त्यात आहे. फरक एवढाच की, भूक तीत आधी येते आणि चोरी मागून; दप्तरात भुकेसाठी रकाना नव्हता. १९८८ साली या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याची भाषा शिष्टसंमत पुस्तकी मराठीपासून दूर आहे आणि काही विद्वानांना अशा भाषेचे वावडे असते. मला विचाराल तर 'मी' म्हणावयाचे आणि बोली मात्र दुसऱ्याची वापरावयाची, हे 'उचल्या'त साधले नसते.

'उचल्या' हे तुमच्या वयाच्या मानाने कठीण पुस्तक आहे. त्यातील निवडक भाग गुरुजींनी किंवा बाईंनी वर्गात वाचून दाखवावा, असे मी सुचवीन. तोवर तुमच्या हाती असलेल्या याच पुस्तकातील कथा पुन्हा एकदा उघडा आणि खालील प्रश्न सोडवा.

स्वाध्याय

१. पुढील शब्दांतील भेद प्रत्येकी एका उदाहरणाने स्पष्ट करा : लेखक व निवेदक, संवाद व स्वगत, सर्वज्ञ निवेदक व मर्यादित निवेदक.

२. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी यमूच्या सासऱ्यांनी सांगितली असती, तर कोणत्या गोष्टी त्यांना ठाऊकच नसत्या? पाच-सहा वाक्यांत लिहा.

३. पाठातील दुसरा उतारा शिवाऐवजी त्याच्या बहिणीच्या तोंडून सांगा. ती यात्रेला आली नव्हती. बैल न घेता परतलेले दोघे तिने दारातून पाहिले. क्रियापदांची रूपे काळजीपूर्वक योजा.

४. तुमच्या घरातील किंवा गल्लीतील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीस किल्लारीच्या भूकंपाची, १९७२ च्या दुष्काळाची किंवा गोदावरीच्या एखाद्या पुराची आठवण विचारा. ती त्यांच्याच शब्दांत, 'मी' तसाच ठेवून, लिहून घ्या. नंतर तीच आठवण दुसऱ्या कोणास विचारा. दोघांच्या सांगण्यात जेथे मेळ बसत नाही, त्या जागा खाली रेघ मारून दाखवा; त्या दुरुस्त करू नका.